कॉन्व्हेंटचे दार : कॅथलिक हायस्कूल मराठी मुलखात कसे वाढले?

१/ जळगावचा मेहरूण भाग खानदेशात दोन गोष्टींसाठी ओळखला जातो : तलाव आणि बोरे. आज तिथे रोज सकाळी तिसरी गोष्टही नजरेस पडते. गळ्यात टाय, पाठीवर दप्तर, आणि रिक्षात दाटीवाटीने बसलेली मुले. कुठे चाललात, असे विचारले तर उत्तर एका शब्दात मिळते : ‘कॉन्व्हेंटला.’

२/ या मुलांत लेवा पाटील, मराठा, मारवाडी, गुजराती, बौद्ध, मुस्लिम, सिंधी असे सगळेच असतात. खानदेशात कॅथलिकांची संख्या अत्यल्प आहे, त्यामुळे वर्गातली कॅथलिक मुले बोटांवर मोजावीत इतकीच. मग ज्या शाळा मुळात चर्चने आपल्या लेकरांसाठी उघडल्या, त्या इतरांच्या कशा झाल्या? आणि १९५४ साली एका सरकारी आदेशाने हे दार जवळपास बंद केले होते, ते पुन्हा कोणी उघडले? हा थ्रेड त्या दाराविषयी आहे.

३/ आधी शब्द. ‘कॉन्व्हेंट’ म्हणजे जोगिणींचा मठ. मठातील सिस्टर ज्या मुलींना शिकवत, त्यांची शाळा ती कॉन्व्हेंट शाळा. फादर चालवत ती मुलांची शाळा म्हणजे ‘हायस्कूल’. मराठीत हा भेद कधीच पुसला गेला. आज गल्लीतल्या कोणत्याही इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात, तिथे सिस्टर असोत वा नसोत.

४/ इंग्रजी आणि कॅथलिक शाळा यांची सांगड इतकी पक्की वाटते की ती अनादि असावी असा समज होतो. वस्तुतः कॅथलिक धर्मगुरूंचे मराठीशी नाते त्याहून जुने आहे. १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. ते मराठीत ओवीबद्ध रचणारे फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज होते आणि जेझुइट संघाचे होते.

५/ त्या काळी वसई, साष्टी, वांद्रे या पोर्तुगीज मुलखात जेझुइटांची विद्यालये होती. शिक्षण लॅटिन आणि पोर्तुगीज भाषांतून चाले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. १७५९ मध्ये पोर्तुगालने जेझुइटांना आपल्या साम्राज्यातून हद्दपार केले. १७७३ मध्ये पोपने तो संघच बरखास्त केला. १८१४ मध्ये तो पुन्हा उभा राहिला, परंतु कोकणातील शिक्षणाचा जुना धागा तोवर तुटला होता.

६/ तो धागा पुन्हा जोडला गेला १८५० च्या दशकात, इंग्रजांच्या मुंबईत. या वेळी आलेले जेझुइट प्रामुख्याने जर्मन आणि स्विस होते. म्हणजे मुंबई इलाख्यात इंग्रजी शाळा उभारणाऱ्या या फादरांची स्वतःची मातृभाषा इंग्रजी नव्हती. तीही त्यांनी शिकूनच घेतली होती.

७/ ते आले तो मुहूर्त महत्त्वाचा. १८५४ मध्ये चार्ल्स वुड यांचा खलिता आला. सर्व शाळा सरकारने काढणे शक्य नाही. खासगी संस्थांनी शाळा चालवाव्यात, सरकारने तपासणी करावी आणि अनुदान द्यावे. शाळा कोणत्या धर्माची आहे हे न पाहता तिथले लौकिक शिक्षण कसे आहे एवढेच पाहावे. मुंबई इलाख्यात तर अनुदानाची रक्कम विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील निकालावर ठरू लागली.

८/ १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ पासून मॅट्रिक परीक्षा सुरू झाली. ‘हायस्कूल’ या शब्दाला तेव्हापासून नेमका अर्थ आला : मॅट्रिकपर्यंत नेणारी शाळा. मॅट्रिक झालेल्यास नोकरी होती, कॉलेज होते, पुढे वकिली होती. हायस्कूल ही नव्या जगाची वेस ठरली.

९/ या चौकटीत दोन कॅथलिक संस्था उभ्या राहिल्या. १८६७ मध्ये पुण्याच्या कॅम्पात सेंट व्हिन्सेंट्स हायस्कूल आणि १८६९ मध्ये मुंबईत सेंट झेवियर्स. मुंबई बंदर होते, तिथे विद्यालय असणे स्वाभाविक. पण पेशव्यांच्या पुण्यात कॅथलिक शाळा कशासाठी? उत्तर ‘कॅम्प’ या शब्दात आहे. पुणे ही मोठी लष्करी छावणी होती आणि ब्रिटिश फौजेत आयरिश कॅथलिक शिपायांचा भरणा मोठा होता.

१०/ शिपायांची मुले, पोरकी झालेली मुले, अँग्लो-इंडियन कुटुंबे, गोव्याहून आलेले कारकून, आचारी आणि बँडवाले यांची लेकरे : कॅथलिक हायस्कूलचा पहिला वर्ग असा होता. साहेबी थाटाची श्रीमंत शाळा हे चित्र पुढच्या काळातले आहे. आरंभीच्या वर्गातील बरीच मुले गोऱ्या समाजाच्या खालच्या पायरीवरची होती.

११/ त्याच पुण्यात, कॅम्पापासून थोड्याच अंतरावर, १८८० मध्ये चिपळूणकर, टिळक आदींनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. मॅट्रिकची परीक्षा दोन्हीकडे तीच. एका शाळेचा हेतू आपला धर्मसमाज सांभाळणे हा होता, दुसरीचा राष्ट्र घडवणे हा. पेठ आणि कॅम्प यांच्यातली ही भिंत पुढे पाऊण शतक टिकली.

१२/ मुलींच्या शिक्षणाचे काम सिस्टरांनी उचलले. १८१८ मध्ये फ्रान्समधील ल्यों येथे क्लोदीन थेवने यांनी स्थापलेला ‘जीझस अँड मेरी’ संघ आणि १८३३ मध्ये बेल्जियमच्या लिएज येथे निघालेला ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ हा संघ, या दोन्ही संघांतील सिस्टर एकोणिसाव्या शतकातच मुंबई इलाख्यात पोहोचल्या. अविवाहित स्त्रिया स्वतः संस्था चालवतात, हिशेब ठेवतात, इमारती बांधतात, हे दृश्य त्या काळी नवे होते.

१३/ सरकारनेही एक भिंत बांधली. १८६० मध्ये व्हाइसरॉय कॅनिंग यांनी युरोपियन व युरेशियन मुलांच्या शिक्षणाची स्वतंत्र तजवीज करावी असे टिपण लिहिले. हळूहळू ‘युरोपियन शाळा’ हा वेगळा वर्ग झाला. त्यांना वेगळी नियमावली, वेगळे अनुदान. देशी मुलांना तिथे जागा मिळे, पण मोजकीच. अनेक कॅथलिक शाळा या वर्गात मोडत.

१४/ खानदेशात हे सारे आणले रेल्वेने. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे थळ घाट चढून इगतपुरीला आली आणि नाशिक, मनमाड, चाळीसगाव, जळगाव करीत भुसावळला पोहोचली. १८७० मध्ये जबलपूरपाशी मार्ग जोडला गेला आणि मुंबई-कलकत्ता गाडी खानदेशातून धावू लागली. रुळांबरोबर ड्रायव्हर, गार्ड, फिटर आले. त्यांत अँग्लो-इंडियन आणि गोवेकर कॅथलिक पुष्कळ होते.

१५/ म्हणून खानदेशात कॅथलिक धर्म आधी दिसतो तो भुसावळच्या रेल्वे वसाहतीत. चर्च, इन्स्टिट्यूट, क्वार्टर्स, आणि पुढे सेंट अलॉयशसच्या नावाची कॉन्व्हेंट शाळा. खानदेशी शेतकऱ्याच्या दृष्टीने हे एक वेगळेच गाव होते. स्टेशनच्या पलीकडचे, इंग्रजी बोलणारे, नाताळात दिवे लावणारे.

१६/ शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात मात्र कॅथलिक मिशनने निराळी वाट धरली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन जेझुइट तिथल्या खेड्यांत गेले. तिथे ख्रिस्ती झालेला समाज मुख्यतः दलित आणि भूमिहीन होता. त्याच्यासाठी ज्या शाळा व वसतिगृहे निघाली ती मराठी होती. संगमनेरचे ज्ञानमाता विद्यालय ही जेझुइटांची मराठी माध्यमाची शाळा याच परंपरेतली.

१७/ म्हणजे एकाच चर्चच्या दोन शाळा : छावणी आणि रेल्वेसाठी इंग्रजी, खेड्यासाठी मराठी. हा भेद लक्षात ठेवावा. कारण पुढे ‘कॅथलिक शाळा म्हणजे इंग्रजी शाळा’ असे जे समीकरण झाले, त्यात ही दुसरी शाळा जनतेच्या नजरेतून निसटली.

१८/ खानदेशाची स्वतःची शैक्षणिक परंपराही याच काळात बहरत होती. अमळनेरला प्रताप हायस्कूल होते. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी तिथे शिक्षक होते आणि वसतिगृह सांभाळत होते. मातृभाषेतून संस्कार, शिक्षणातून राष्ट्रसेवा हा त्या शाळेचा श्वास होता. १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा खानदेशातील शिकलेली तरुण पिढी अशाच शाळांतून आली होती.

१९/ इकडे कॅथलिक शाळांवर पहिला मोठा आघात झाला तो पहिल्या महायुद्धाचा. मुंबईचे जेझुइट जर्मन होते, आणि १९१४ पासून जर्मन म्हणजे शत्रू. ज्या सरकारच्या परीक्षांसाठी ते मुले तयार करीत होते, त्याच सरकारने त्यांच्यातील अनेकांना अहमदनगरच्या छावणीत नजरकैदेत ठेवले. १९१६ मध्ये ‘गोलकोंडा’ जहाजातून जर्मन मिशनऱ्यांची मायदेशी रवानगी झाली.

२०/ शाळा बंद पडल्या नाहीत. उरलेल्या फादरांनी आणि देशी शिक्षकांनी त्या चालवल्या. १९२० च्या दशकात मुंबईत स्पॅनिश जेझुइट आले. १९२२ मध्ये आलेले फादर हेन्री हेरास त्यांच्यातलेच. १९२६ मध्ये त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजात भारतीय इतिहास संशोधन संस्था स्थापन केली. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ती आज हेरास इन्स्टिट्यूट म्हणून परिचित आहे.

२१/ दुसरा आघात स्वातंत्र्यानंतरचा, आणि तो अधिक खोल होता. इंग्रज गेले. अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबे इंग्लंडला, पुढे ऑस्ट्रेलियाला गेली. इंग्रजी शाळांतील बाक रिकामे होऊ लागले. त्यांवर बसायला कोण आले? भारतीय लष्करी अधिकारी, डॉक्टर, व्यापारी, बदलीच्या नोकरीतील सरकारी नोकर यांची मुले. पूर्वीची मोजकी जागा आता वाढू लागली.

२२/ संविधानाने या शाळांबाबत तीन गोष्टी सांगितल्या. कलम ३० : अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क. कलम २९(२) : राज्याच्या मदतीवर चालणाऱ्या संस्थेत कोणत्याही नागरिकाला केवळ धर्म, वंश, जात वा भाषा या कारणावरून प्रवेश नाकारता येणार नाही.

२३/ तिसरे कलम ३३७. अँग्लो-इंडियन शाळांचे जुने अनुदान दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी घटत जाईल आणि संविधान लागू झाल्यापासून दहा वर्षांनी थांबेल. शिवाय एक अट : दरवर्षीच्या प्रवेशांपैकी किमान ४० टक्के जागा इतर समाजांतील मुलांना उपलब्ध असल्या पाहिजेत, तरच अनुदान. जी मुले पूर्वी अपवाद होती, ती आता संविधानाची अट झाली.

२४/ याच वेळी मुंबई राज्याचे शैक्षणिक धोरण उलट दिशेने चालले होते. बाळासाहेब खेर यांच्या काळात इंग्रजीचे शिक्षण आठवीपासून सुरू करण्याचे ठरले. हेतू समजून घ्यावा असा आहे. शंभर वर्षे मूठभरांनाच इंग्रजी आली आणि तेवढ्यांनीच सत्ता भोगली. मराठी, गुजराती, कन्नड मुलाला आपल्या भाषेत शिकून वर येता आले पाहिजे, ही मागणी साने गुरुजींच्या पिढीची होती.

२५/ पण पालकांनी पळवाट शोधली. सरकारी शाळेत इंग्रजी उशिरा, तर ज्याला परवडते त्याने मूल इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले. धोरणाने जी दरी बुजवायची होती तीच वाढू लागली. तेव्हा सरकारने थेट दारावर हात ठेवला.

२६/ ६ जानेवारी १९५४. मुंबई राज्याचा आदेश : यापुढे कोणत्याही प्राथमिक वा माध्यमिक शाळेने इंग्रजी माध्यमाच्या वर्गात केवळ त्याच मुलांना प्रवेश द्यावा ज्यांच्या समाजाची भाषा इंग्रजी आहे, म्हणजे अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक. मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई. पूर्व आणि पश्चिम खानदेश हे दोन्ही जिल्हे तेव्हा याच राज्यात होते.

२७/ आता संविधानातील व्याख्या पाहा. कलम ३६६(२) नुसार अँग्लो-इंडियन म्हणजे ज्याचा पिता किंवा पितृकुळातील पूर्वज युरोपीय वंशाचा आहे अशी भारतात जन्मलेली व्यक्ती. धर्माचा त्यात उल्लेख नाही. म्हणजे वांद्र्याचा ईस्ट इंडियन कॅथलिक बाहेर. भुसावळच्या रेल्वेतला गोवेकर गार्ड बाहेर. वसईचा, घरी मराठीची बोली बोलणारा कॅथलिक तर बाहेरच. कॅथलिक फादरांच्या इंग्रजी वर्गात बहुसंख्य भारतीय कॅथलिकांच्या मुलांनाच यापुढे जागा उरत नव्हती.

२८/ या आदेशाला आव्हान दिले गेले ते देवळालीहून. नाशिकजवळचे देवळाली, खानदेशाकडे जाणाऱ्या त्याच रेल्वेमार्गावर. तिथले बार्न्स हायस्कूल कॅथलिक नाही, अँग्लिकन परंपरेचे आहे. ते चालवणारी बॉम्बे एज्युकेशन सोसायटी १८१५ ची. भायखळ्याची शाळा १९२५ मध्ये देवळालीला हलवण्यात आली होती. परंतु आदेश सर्व इंग्रजी शाळांना लागू होता, त्यामुळे तिथे जे ठरणार ते प्रत्येक कॅथलिक हायस्कूललाही बांधील राहणार होते.

२९/ डिसेंबर १९५३ मध्ये बार्न्सच्या पटावर ४१५ मुले होती. त्यांपैकी २१२ अँग्लो-इंडियन, उरलेली २०३ इतर भारतीय समाजांतली. जवळजवळ अर्धी शाळा ‘बाहेरच्यां’ची झाली होती. आदेश टिकला असता तर पुढच्या वर्षापासून त्या निम्म्या शाळेला नवे विद्यार्थी मिळालेच नसते.

३०/ सोसायटीबरोबर दोन पालकही न्यायालयात गेले. एक भारतीय ख्रिस्ती मेजर. त्यांच्या घरची भाषा इंग्रजीच होती, तरी ते अँग्लो-इंडियन नसल्याने मुलीला प्रवेश मिळाला नाही. दुसरे गुजराती भाषक हिंदू डॉक्टर. त्यांना मुलाला वैद्यक शिकवायचे होते. एकाला वंशाने अडवले होते, दुसऱ्याला भाषेने.

३१/ मुंबई उच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी १९५४ रोजी, म्हणजे आदेशानंतर सहा आठवड्यांच्या आत, निकाल पालकांच्या बाजूने दिला. मुख्य न्यायमूर्ती होते एम. सी. छागला. ते स्वतः मुंबईच्या सेंट झेवियर्सचे विद्यार्थी. पुढे १९६३ मध्ये हेच छागला देशाचे शिक्षणमंत्री झाले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले.

३२/ राज्याचा युक्तिवाद दुहेरी होता. एक, कलम २९(२) केवळ अल्पसंख्याकांसाठी आहे, बहुसंख्य समाजातील मुलगा त्याचा आधार घेऊ शकत नाही. दोन, प्रवेश भाषेच्या ‘कारणावरून’ नाकारलेला नाही. राष्ट्रभाषा व प्रादेशिक भाषांची वाढ व्हावी या हेतूने नाकारला आहे.

३३/ २६ मे १९५४ रोजी न्यायमूर्ती सुधी रंजन दास यांनी निकाल लिहिला. कलमात ‘कोणताही नागरिक’ असे शब्द आहेत, त्यांना अल्पसंख्याकांपुरते आखडता येत नाही. हेतू स्तुत्य असू शकतो, परंतु प्रश्न हेतूचा नाही. त्या मुलाला दारात अडवण्याचे तात्काळ कारण कोणते, हे पाहायचे. ते कारण भाषा आहे. म्हणून आदेश टिकत नाही.

३४/ निकालात आणखी एक मुद्दा होता. कलम ३३७ शाळेला सांगते की ४० टक्के जागा इतरांना द्या. राज्याचा आदेश सांगतो की देऊ नका. आदेश पाळला तर शाळेचे अनुदान धोक्यात येते. राज्याला असा पेच निर्माण करता येणार नाही.

३५/ या निकालाचे मर्म नीट पाहावे. आपल्या समाजातील मुलांना आपल्या भाषेत शिकवण्याचा अल्पसंख्याकांचा हक्क न्यायालयाने मान्य केलाच. पण दार उघडले ते दुसऱ्या हक्काने : बाहेर उभ्या असलेल्या मुलाच्या हक्काने. मेहरूणमध्ये आज रिक्षातून उतरणारा मुलगा त्या शाळेत पाहुणा म्हणून शिरत नाही. सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेचा दरवाजा भाषेवरून वा धर्मावरून बंद होत नाही, हे तत्त्व त्या मे महिन्यात पक्के झाले.

३६/ चार वर्षांनी, १९५८ मध्ये, हेच दास सरन्यायाधीश असताना केरळ शिक्षण विधेयकावर न्यायालयाने मत दिले : इतर समाजांतील मुलांना प्रवेश दिल्याने संस्थेचे अल्पसंख्याक स्वरूप नष्ट होत नाही. आता चर्चपुढे पेच उरला नाही. दार उघडायचे आणि घरही आपलेच ठेवायचे, दोन्ही शक्य झाले.

३७/ त्यानंतर वाढीला वेग आला. १९६१ मध्ये पुण्यातच पाषाणला जेझुइटांचे लोयोला हायस्कूल सुरू झाले. कॅम्पाबाहेर, नव्या मध्यमवर्गाच्या पुण्यात. त्या आधीच्याच वर्षी महाराष्ट्र राज्य झाले आणि पूर्व खानदेशाचे नाव जळगाव जिल्हा झाले. छावणी आणि रेल्वेमार्ग सोडून कॉन्व्हेंट आता जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचू लागली.

३८/ चर्चची रचनाही बदलली. १८८६ मध्ये पुणे धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हा पहिले बिशप बर्नार्ड बायडरलिंडेन हे जर्मन जेझुइट होते. १९८७ मध्ये त्यातून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला. नाशिक आणि अहमदनगरबरोबर खानदेशही त्यात आला. पहिले बिशप थॉमस भालेराव. आडनावच सांगते की शंभर वर्षांत सत्ता कोणाकडून कोणाकडे आली.

३९/ जळगावही बदलत होते. कापूस आणि केळीच्या बाजाराला डाळ मिल, पाइप आणि ठिबक सिंचनाच्या कारखान्यांची जोड मिळाली. १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आले. व्यापाऱ्याला, इंजिनिअरला, बदलून आलेल्या अधिकाऱ्याला मुलासाठी इंग्रजी शाळा हवी होती. मेहरूणसारखा शहरालगतचा, मोकळ्या जमिनीचा भाग या नव्या वस्तीला आणि तिच्या शाळांना सोयीचा ठरला.

४०/ मग १९५४ चे सरकार चुकले होते का? आदेश घटनाबाह्य होता, यात शंका नाही. पण त्यामागची भीती खोटी ठरली असे म्हणता येत नाही. इंग्रजी शाळेत ज्याला परवडते तो जाईल आणि मराठी शाळा उरलेल्यांची होईल, ही ती भीती. २००० सालापासून महाराष्ट्राने मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. खेरांचे धोरण पूर्ण उलटे फिरले, पालकांचा ओघ मात्र थांबला नाही.

४१/ याची किंमत कॅथलिक समाजानेही मोजली. वसईच्या पापडीचे थॉमस बाप्तिस्टा हायस्कूल असो वा संगमनेरचे ज्ञानमाता, कॅथलिकांच्या मराठी शाळांनी पिढ्या घडवल्या. वसईच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तरी ‘मिशनरी शाळा’ म्हटले की डोळ्यांपुढे इंग्रजी फलकच येतो.

४२/ आणि दाराची गोष्ट अजून संपलेली नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळले. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने त्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून तो मोठ्या पीठाकडे नेण्याची गरज सांगितली.

४३/ १९५४ मध्ये राज्य म्हणत होते, बाहेरच्या मुलाला घेऊ नका, आणि शाळा त्याच्यासाठी न्यायालयात गेली. आज राज्य म्हणते, गरिबाच्या मुलाला घ्या, आणि अल्पसंख्याक संस्था कलम ३० कडे बोट दाखवतात. दोन्ही वेळी कायदा त्यांच्या बाजूने उभा राहिला. इतिहास मात्र विचारतो की दाराबाहेर उभे असलेले मूल दोन्ही वेळी सारखेच नव्हते का?

४४/ छावणीतल्या पोरक्या मुलांसाठी सुरू झालेली शाळा, रेल्वेच्या गार्डाच्या लेकरांसाठी पसरलेली शाळा, आणि आता मेहरूणच्या रस्त्यावर जिच्या प्रवेशअर्जासाठी पालक रांग लावतात ती शाळा. दीडशे वर्षांत वर्गातली मुले बदलली, फादरांचे देश बदलले, भाषेचे धोरण बदलले. ‘आत कोण?’ हा एकच प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागला.

४५/ मेहरूणच्या तलावाकाठी संध्याकाळी फिरताना शाळेची घंटा ऐकू आली, तर १८६७ चे पुणे कॅम्प आणि १९५४ ची देवळाली आठवावी. फाटकावर संताचे नाव आहे. ते फाटक उघडे राहिले, त्यात एका मेजरचा आणि एका डॉक्टरचा वाटा आहे. त्यांच्या नावाची पाटी कुठल्याही शाळेवर नाही.

(समाप्त)